दम धरा, बाई

फेब्रुवारी सरत आला की आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी पहाटे मोठ्यानं पाठांतर करायला लागते. पाचला तिचा दिवा लागतो. खुर्ची सरकवल्याचा आवाज होतो आणि मग इतिहासातल्या सनावळ्या गॅलरीतून खाली माझ्या खोलीत येतात. परीक्षा तिची, आणि छाती माझी धडधडते. जालन्यात राहून मला आता पुष्कळ वर्षं झाली, शाळेतली नोकरी संपली, आता मला कुणी पेपर सोडवायला बसवणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी अंथरुणात उठून बसते आणि कान देऊन ऐकते. सनावळ्या नाही ऐकत. शेजारच्या खोलीत झोपलेल्या आमच्या ह्यांचा श्वास चालू आहे ना, ते ऐकते.

ह्यांना हे माहीत आहे. 'मेलो नाही अजून, झोप,' असं ते आतूनच म्हणतात. मी जन्माची भित्री. चेष्टा करायची तर खुशाल करा. पण ही सवय मला कुठे लागली ते मी सांगू शकते. ती मला परतूरला लागली, दहावीच्या वर्षी, ऐन परीक्षेच्या दिवसांत.

तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं, जालना जिल्हा अजून व्हायचा होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझे वडील, म्हणजे दादा, एका जिनिंगमध्ये मिस्त्री होते आणि आमचं दोन खोल्यांचं घर जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून होतं. कापसाचा हंगाम उतरणीला लागलेला असायचा, तरी हवेत रुईचे तंतू तरंगतच असत. दोरीवरच्या धुण्यावर रुई, पाण्याच्या घागरीवर रुई, भाकरीच्या पिठातसुद्धा रुई. सरकीचा तो तेलकट, कोंदट वास अजूनही कुठे आला की माझी मान आपोआप मायकडे वळते. माय आता नाही, तरी वळते.

मायला दमा होता. तो रुईनं झाला की तिच्या आईकडून आला, कोण सांगणार? थंडी कमी होऊन दुपारचं ऊन तापायला लागलं, की तो जोर करायचा. मी पहाटे चिमणी लावून अभ्यासाला बसायची आणि माय माझ्या पाठीशी भिंतीला टेकून बसायची, कारण आडवं झालं की तिला श्वास घेता यायचा नाही. तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. तो आवाज हा माझा अभ्यासातला सोबती होता. वाचू नकोस असं कुणी म्हटलं असतं तर मी वाचणं थांबवलं असतं, पण तो आवाज थांबला तर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

अडुळशाचा काढा झाला, कापराचं तेल झालं, डॉक्टरची सुई झाली. सुई लागली की दोन दिवस बरे जायचे. मग परत तेच.

पाणी आम्ही रेल्वेच्या नळावरून आणायचो. मीटरगेजची लाइन होती, कोळशाची इंजिनं यायची आणि त्यांच्या पाण्याच्या टाकीजवळ एक नळ होता. स्टेशनातल्या लोकांनी डोळेझाक केली म्हणून साऱ्या गल्लीच्या घागरी तिथं भरायच्या. एकदा त्या नळावरच मायला दम लागला. कोळशाचा धूर नाकात गेला असावा. घागर पडली, माय खाली बसली, तोंड उघडं, डोळे मोठे, आणि मी नुसती 'माय, माय' करत उभी. तेवढ्यात रेल्वेच्या क्वार्टरमधून एक म्हातारी आली. छोट्या स्टेशनमास्तरांची आई. तेलुगू मुलखातली. कपाळावर हे एवढं कुंकू, दोन्ही नाकपुड्यांत चमकी. तिला सगळे अम्मा म्हणत.

अम्मानं मायच्या पाठीला आपला गुडघा लावला, खांदे मागं ओढले आणि म्हणाली, "ऐसा नै बाई. अंदर नक्को खींचो. बाहर छोडो. पूरा छोडो."

माय जन्मभर श्वास आत ओढायची धडपड करत आलेली. कुणी तिला सोडायला सांगितलंच नव्हतं. ती सोडत गेली, सोडत गेली, आणि थोड्या वेळानं तिची मान सरळ झाली. घरी येताना तिनं एका हातानं रिकामी घागर धरली होती आणि वाटभर ती श्वास सोडून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून माय दुपारी अम्माकडे जायला लागली. अम्माच्या वडिलांनी लहानपणीच तिला योग शिकवला होता म्हणे. ती मायला ताठ बसवायची, एक नाकपुडी दाबून दुसरीतून हळूहळू श्वास सोडायला लावायची. "सुई नक्को छोडो, ये भी करो," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग ती डोळे मिटायला सांगायची आणि सांगायची की अंदर देखो. काय बघायचं ते मात्र सांगायची नाही. सांगणार कुठल्या भाषेत? अम्माला तेलुगू येई, आणि बाजारापुरती मोडकी दखनी. मराठीतलं तिला एकच वाक्य धड येत होतं. तिचा मुलगा तिकिटाच्या खिडकीतून दिवसभर जे बोलायचा ते. गाडी कायम लेट. लोक खिडकीत डोकं घालून विचारायचे, गाडी कव्हा येतीय, आणि तो म्हणायचा, "दम धरा, दम धरा. येऊन राह्यली."

माय घरी येऊन तसंच करायची. पहाटे मी पुस्तक घेऊन बसले की तीही माझ्या पाठीशी मांडी घालून बसायची, पण आता भिंतीला न टेकता. दादा एकदा बघत राहिले. मग टोपी घालता घालता म्हणाले, "लगीन केलं तव्हा कुनी सांगितलं न्हवतं बा, की जोगीन येऊन राह्यली घरात." माय डोळे न उघडता हसली. दादा कामावर जाताना दार मात्र हलक्या हातानं ओढून घेऊन गेले, एरवी ते आपटूनच जायचे.

चांगलं चाललं होतं. शिट्टीचा आवाज कमी झाला. मी खूश व्हायला हवं होतं की नाही? पण माझा स्वभाव असा, की आवाज कमी झाला आणि मला भीती वाटायला लागली. आधी मागे न बघता कळायचं की माय आहे. आता मागे बघावं लागायचं.

आणि मग एके दिवशी मी बघितलं तर मायचा पदर हलतच नव्हता.

मी वाट पाहिली. दोनाचा पाढा मनात म्हटला. तो संपता संपता पदर हलला, लांब श्वास आला. दुसऱ्या दिवशी दोनाचा आणि तीनाचा म्हणावा लागला. पाढे मला झरझर यायचे, त्यामुळे घड्याळ नसलेल्या घरात तेच माझं माप झालं. पुस्तक पुढं उघडं, मान मागं, आणि ओठ पाढे म्हणताहेत. शेजारच्या गयाबाई एकदा पहाटे विस्तव मागायला आल्या, मला बघून म्हणाल्या, "पोरगी लई मन लावून अभ्यास करून राह्यली बया." मग त्यांची नजर मायकडे गेली. बाहेर अंगणात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "लक्ष ठेव गं. माझ्या माहेरला एक बाबा असाच डोळे लावून बसला हुता. बसला तो बसलाच. मंग लोकांनी तितंच समाधी बांधली."

त्या बाई विस्तव घेऊन निघून गेल्या. माझं काय झालं असेल याची कल्पना करा. समाधी म्हणजे मला तोवर एकच गोष्ट ठाऊक होती, चुना दिलेला ओटा आणि त्यावर वाळलेली फुलं.

मी मायला विचारलं नाही असं नाही. भाकरी थापत होती तेव्हा विचारलं, "माय, तुला काय दिसतं गं डोळे मिटल्यावर?"

"दिसत काही न्हाई," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "पन एक गंमत हाय बघ. दमा यायचा तव्हा मला वाटायचं, मीच मरून राह्यले. आता यिऊ दे न्हाईतर जाऊ दे, मी आपली बघत बसेल ऱ्हाते. मंग दमा कोनाला हाय?"

"तुला आहे की!"

"मला कुठं? ह्या छातीला हाय." तिनं पिठाच्या हातानं छातीवर टिचकी मारली. "मंग मी कोन?"

हे ती हसत म्हणाली. गंमत वाटली होती तिला, खरोखरच. पुढे मी नोकरीत असताना या विषयावरची पुष्कळ प्रवचनं ऐकली, पुस्तकंही वाचली. देह वेगळा, बघणारा वेगळा, हे मोठमोठ्या माणसांनी किती परींनी सांगून ठेवलंय. पण तव्यावरची भाकरी उलथताना इतक्या सहज कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आणि मला त्या वेळी काय ऐकू आलं? मला ऐकू आलं की माझी आई 'मी कोण' असं विचारते आहे, म्हणजे ती मला विसरायला लागली आहे. मी भाकरी न खाताच उठले.

पुढचे पंधरा दिवस काय सांगावेत? भूमिती डोक्यात शिरेना. स्वप्नात पेपर यायचे आणि त्यात प्रश्नांऐवजी मायचा न हलणारा पदर असायचा. पाढे वाढत गेले. पाचापर्यंत, सातापर्यंत, नवापर्यंत. दादांना सांगावं तर ते अम्माकडे जाऊन भांडतील आणि रेल्वेचा नळ बंद होईल, ही दुसरी भीती. मायलाच सांगावं तर ती म्हणायची, "तू तुझं वाच. मला काय धाड भरली?" आणि खरंच दिवसा ती टवटवीत दिसायची. घागरी उचलायची, गाणं गुणगुणायची. मी वाळत चालले होते.

एक शब्द बघा कसा असतो. दम लागतो तो आजार. दमतो तो थकतो. दम दिला की माणूस घाबरतो. माणसात दम आहे म्हणजे ताकद आहे. शास्त्रात शम-दम येतात, तिथं तो इंद्रियांना आवरणं होऊन बसतो. आणि दम धर म्हणजे थांब, घाई करू नको. आमच्याकडे तर दिवसातून पन्नास वेळा कुणी ना कुणी कुणाला तरी दम धरायला सांगतच असतं. इतक्या वापरातल्या शब्दानं कुणाचा जीव धोक्यात येईल असं कुणाला सुचणारही नाही.

पहिला पेपर मराठीचा होता. त्या दिवशी पहाटे मी वाचत नव्हतेच, वाचून झालं होतं म्हणा किंवा होणार नव्हतं म्हणा. दादांची पहिली पाळी, ते गेले होते. चिमणीची वात खाली करून मी मायकडे तोंड करून सरळ बसले. आज तरी नको बसूस, असं मला म्हणायचं होतं. पण ती आधीच डोळे मिटून बसली होती.

पदर थांबला. मी सुरू केलं. दोन, तीन, चार. सात झाले. नऊ झाले, आजवर इथं श्वास यायचा. दहा. अकराचा पाढा मी मुद्दाम सावकाश म्हटला. बाराचा संपला. मायचा चेहरा शांत होता, इतका शांत की तो तिचा वाटेना. ओठ निळसर दिसले, की चिमणीच्या उजेडात मला तसे वाटले? तेराच्या पाढ्यात मी अडखळले आणि मला पुढचा आकडाच सुचेना.

मी तिच्यावर झेप घेतली. दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "माय! माय गं! उठ!"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी आजही शपथेवर सांगेन, त्या नजरेत मी नव्हते. राग नव्हता, भीती नव्हती, ओळखही नव्हती. एखाद्या लेकराकडे कुणीही बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती, मायेनं, पण परक्यासारखी. आणि म्हणाली, "कोन गं तू?"

मग एकदम श्वास आत गेला, घशात अडकला, आणि दमा असा उसळला की बोलता सोय नाही. माय वाकून वाकून खोकत होती, डोळ्यांतून पाणी, छातीतून ती जुनी शिट्टी. मी अनवाणी धावले. रूळ ओलांडून अम्माच्या क्वार्टरचं दार बडवलं. अम्मा केस मोकळे तसेच घेऊन आली. पुन्हा पाठीला गुडघा, पुन्हा "छोडो, छोडो". बराच वेळ गेला. बाहेर उजाडलं.

माय सावरली तेव्हा मी रडत रडत अम्माला सगळं सांगितलं. पाढे, बारा, तेरा, सगळं. अम्माचा चेहरा उतरला. "सांस रोकी? कौन बोला रोकने कू?"

"तुमीच तर म्हनल्या," माय घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी इचारलं, आत कव्हा दिसन. तुमी म्हनल्या, दम धरा बाई, दम धरा. मंग धरला मी."

अम्माला आधी काही कळेना. मग कळलं. तिनं कपाळावर हात मारला. "अरे राम राम! वो तो सबर करो बोलके! टेशन पे बोलते ना, दम धरा, गाडी येऊन राह्यली! वैसा!"

आणि मग माय हसायला लागली. श्वास पुरत नव्हता तरी हसत होती, हसता हसता खोकत होती. मला त्या हसण्याचा एवढा राग आला! सकाळी अकराला माझा पेपर आणि ही हसते.

अम्मा मात्र हसली नाही. माझ्याकडे बोट करून मायला म्हणाली, "बच्ची डर गई. अब रोकना नक्को. सादा बैठो, बस."

म्हणजे साधं बसायला तिची हरकत नव्हती. हरकत माझी होती. मी मायचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला. "माझी शपथ घे. पुन्हा डोळे मिटून बसायचं नाही. कधीच नाही. घे."

मायनं माझ्याकडे पाहिलं. आता ती मला ओळखत होती. "तुझी शपथ," ती लगेच म्हणाली. एवढंसुद्धा थांबली नाही. मग उठून तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं, घट्ट वेणी घातली, गूळ दिला आणि पेपरला पाठवलं.

मी पास झाले, चांगले मार्कही पडले. स्टेशनमास्तरांची बदली पावसाळ्याच्या आधीच झाली आणि अम्मा गेली. मायनं शब्द पाळला. दमा राहिला, सुया राहिल्या, पुढे तोंडात मारायचे फवारे आले. पण ती मांडी घालून, डोळे मिटून कधी बसली नाही. देवापुढे हात जोडतानाही डोळे उघडे ठेवायची. हे माझ्या लक्षात यायचं आणि मी दुसरीकडे बघायची. कारण जसजशी मी वाचत गेले तसतसं मला कळत गेलं की मी तिला कुठून ओढून आणलं असेल. लोक घरदार सोडून ज्यासाठी आयुष्य घालवतात, ते माझ्या आईला चुकीच्या शब्दावरून, रुईच्या धुरळ्यात, घरबसल्या सापडत होतं. आणि मी तिचे खांदे धरून हलवले. बरं, तेवढ्यावर थांबले का? गळ्याची शपथ घातली. नसतं ओढलं तर ती मेली असती, असं मी स्वतःला सांगायची. मग वाटायचं, आणि नसती मेली तर?

वीस-बावीस वर्षं मी हे बोलले नाही. दादा गेल्यावर माय माझ्याकडे जालन्याला आली. असाच मार्च होता, मी शाळेतून पर्यवेक्षण करून आले होते. माय खिडकीत बसून गहू निवडत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, थोडा ओढल्यासारखा. मी तिच्यापुढे खाली बसले आणि एकदाचं म्हणून टाकलं.

"माय, सुटली."

"काय सुटली?"

"शपथ. मी घातली होती ना, दहावीच्या पेपराच्या दिवशी. सुटली म्हणते मी. बस तू. तुला बसायचं तर बस. मी तुला त्या दिवशी..." मी चाळिशीकडे झुकलेली बाई, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्या केसांतून हात फिरवला. "येडी हाय का गं," ती म्हणाली. "तू हलवलं तव्हा एक बाई दचकून उठली. तिला दम लागला, तिनं तुझी येनी घातली, तुला पेपरला धाडलं. पन आत जी बघत बसेल हुती, ती कुठं उठली?"

मी डोकं वर केलं.

"ती उठलीच न्हाई. बसेलच हाय. भाकरी करताना बी बसेल असती. तुझे दादा गेले तव्हा मी रडत हुते, ती बसेल हुती. आता हे गहू निवडून राह्यले, तरी ती हाय. तिला डोळे लावायला कशाला पायजेत?"

एवढी वर्षं मी जो चोरीचा डाग घेऊन फिरत होते, ती चोरी झालीच नव्हती. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी राग आला.

"मग मला सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"तू परत इचारलंच कव्हा?" ती म्हणाली. "तू नुसती माझा दम मोजत राह्यली."